पिलांचा सोमवार

मल्लव्वा गुरुसिद्ध घुगरी ही मूळची नेसरीकडची. लग्नानंतर ती कोल्हापुरात आली आणि शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात दोन खोल्यांत तिने संसार मांडला. नवरा गुरुसिद्ध गुळाच्या बाजारात तोलार होता. घरी कन्नड, दारात मराठी, गळ्यात लिंगायतांचे इष्टलिंग, आणि चुलीवर कधी अंडेसुद्धा चढलेले नाही, असे ते घर होते. अशा घरातली बाई शेकडो कोंबड्यांची राखणदार झाली, हे ऐकून पहिल्यांदा कोणाचाही विश्वास बसत नसे. परंतु ते खरे होते, आणि त्यात लपविण्यासारखे काही आहे असे मल्लव्वाला कधी वाटले नाही.

१९९६ साली शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयात तिला झाडलोटीचे काम मिळाले. वर्षभरातच प्राणिशास्त्राच्या डॉ. अमरसिंह सरनोबत सरांनी तिला मागच्या अंगणातल्या लांबट खोलीत नेले. तिथे दिव्याखाली पिवळी पिले चिवचिवत होती. अंडी देणाऱ्या जातीतले ते नर होते. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ते महाविद्यालयाला सहज मिळत. सरांनी तिला विचारले की, या जिवांना वेळेवर दाणा, पाणी आणि ऊब देण्याचे काम तिला जमेल का. मल्लव्वाने एक पिलू उचलून त्याची छाती बोटाने चाचपली आणि म्हणाली, "ही तर उपाशी हाईत. आधी दाणा कुठं ठेवलाय ते दावा." सरांनी होकार त्यातच समजून घेतला.

ही बातमी तिचा धाकटा दीर प्रभुलिंग याच्या कानावर गेली. त्याचे पेठेत किराण्याचे दुकान होते आणि चार माणसांसमोर बोलायला त्याला आवडे. त्याने भर दुकानात वहिनीला विचारले, "वैनी, आज कोंबड्या राखताय, उद्या अंडी इकायला बसताय काय?" मल्लव्वाने तूरडाळीची पिशवी उचलली आणि त्याला तितक्याच मोठ्याने सांगितले, "मी त्यास्नी खायला घालतो, त्यास्नी खात न्हाय. तुझ्या दुकानातले उंदीर तू पाळतोसच की." दुकानातली माणसे हसली. प्रभुलिंगने त्या दिवसापासून तो विषय काढला नाही.

त्या खोलीत काय चालले होते, ते मल्लव्वाला प्रियदर्शनीने समजावले. प्रियदर्शनी ही सरनोबत सरांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. ती मल्लव्वाला अक्का म्हणे, आणि मल्लव्वा तिला ताई. वयाने ताई लहान होती, पण शिकलेल्या माणसाला मान द्यायचा हे मल्लव्वाचे ठरलेले होते. मल्लव्वाच्या मुलीला, रक्षिताला, नवव्या वर्षी चष्मा लागला होता. फळ्यावरचे दिसत नाही, जवळचे स्वच्छ दिसते, अशी तिची तक्रार होती. प्रियदर्शनीने सांगितले की, अशा मुलांचा डोळा मागच्या बाजूला गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो, म्हणून लांबचे चित्र पडद्यावर बसत नाही. डोळ्याला कुठे थांबायचे हे कसे कळते आणि कशामुळे कळेनासे होते, ते शोधण्यासाठी ही पिले होती.

त्यासाठी पिलाच्या उजव्या डोळ्यावर दुधी रंगाच्या प्लास्टिकचे अर्ध्या लिंबाएवढे टोपण बसवीत. शाळेच्या बुटाला असते तशी चिकटणारी पट्टी पिसांवर डकवलेली असे, तिच्यावर टोपण बसे आणि हवे तेव्हा निघे. टोपणातून उजेड आत जाई, पण काही स्पष्ट दिसत नसे. डावा डोळा मोकळा ठेवीत. थोड्याच दिवसांत झाकलेला डोळा मोकळ्या डोळ्यापेक्षा लांब वाढे आणि पिलू त्या डोळ्याने जवळचेच पाहू लागे. टोपण रोज मिनिटभर काढून पुसायचे आणि लगेच बसवायचे, हे काम मल्लव्वाकडे होते. तिचा हात इतका हलका झाला की पिलू मानसुद्धा झटकत नसे.

डोळा वाढतो हे तर दिसत होते. परंतु वाढ म्हणून सांगते कोण आणि थांब म्हणून सांगते कोण, हा प्रियदर्शनीचा खरा प्रश्न होता. डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचे एक द्रव्य तयार होते. स्पष्ट आणि उजेडातले चित्र पडद्यावर पडले की ते वाढते, आणि त्याच्यामार्फत डोळ्याच्या बाहेरच्या कवचापर्यंत निरोप जातो की आता पुरे. चित्र पुसट झाले की डोपामिन घटते, निरोप जात नाही, आणि कवच ताणले जात राहते. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे दिसलेले होते. प्रियदर्शनीला ते आपल्याकडच्या पिलांत पाहून पुढच्या निरोप्यांचा माग काढायचा होता. पण पहिला निरोप्याच सापडला नाही, तर पुढचा माग काढायचा कुठून?

नेमके तसेच घडले. १९९९ सालच्या दोन तुकड्यांत झाकलेला डोळा लांब भरला. परंतु त्याच डोळ्यातला पडदा गोठवून बंगळूरला तपासायला पाठवला, तर डोपामिन कमी आले नाही. काही पिलांत तर ते मोकळ्या डोळ्याहून जास्तच आले. सरनोबत सर स्वभावाने कडक होते. त्यांनी आधी प्रियदर्शनीच्या हाताला दोष दिला, मग बाटल्या अदलाबदल झाल्या असतील असे म्हटले. शेवटी त्यांनी सांगितले की, शेजारच्या विभागाने ही खोली मागितली आहे, आणि तिसऱ्या तुकडीतही असेच आले तर मार्चअखेर खोली त्यांना देऊन हे काम कायमचे बंद करावे लागेल. प्रियदर्शनीची चार वर्षे त्या एका खोलीत होती. खोली गेली की सगळेच गेले.

त्या दिवशी दुपारी प्रियदर्शनी अंगणातल्या पायरीवर येऊन बसली. मल्लव्वाने चहा दिला, तो तिने घेतला नाही. मल्लव्वा शेजारी बसली. प्रियदर्शनी आपणहून बोलू लागली. अक्काला कळावे म्हणून तिने उसाच्या पाण्याची गोष्ट घेतली, कारण तिचे माहेरही शेतकऱ्याचेच होते. ती म्हणाली की, उसाला पाणी पाजताना एकजण पाटाच्या तोंडाशी असतो आणि दुसरा सरीच्या शेवटी. सरी भरली की शेवटचा ओरडतो, मग तोंडाशी असलेला पाणी वळवतो. डोपामिन हा तो ओरडणारा गडी. तो झोपला तर पाणी चालूच राहणार आणि बांध फुटणार. इथे बांध फुटलेला दिसतो आहे, डोळा वाढलेला दिसतो आहे, आणि बाटलीत पाहावे तर गडी जागा, जोरात ओरडतो आहे. असे होईलच कसे?

मल्लव्वाने ते नीट ऐकून घेतले. पाणी पाजण्याचे काम तिने लहानपणी केले होते. तिने विचारले, "कुठल्या दिवशी बगितलं तुम्ही त्याला?"

"सोमवारी दुपारी. दूध संघाच्या कृत्रिम रेतन केंद्रातनं द्रवरूप नायट्रोजन सोमवारी येतो ना, पडदा लगेच गोठवायला लागतो."

"मग सोमवारी जागाच असणार की त्यो," मल्लव्वा म्हणाली. "सकाळधरनं डोळं उघडं असत्यात."

प्रियदर्शनीला अर्थच कळला नाही. तिने पुन्हा विचारले तेव्हा मल्लव्वाने जणू सर्वांना ठाऊक असलेलीच गोष्ट सांगितली. तिच्या माहेरी आणि सासरी, आणि त्यांच्या समाजातल्या कितीतरी शेतकऱ्यांकडे, सोमवारी बैल जुंपत नाहीत. सोमवार हा बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा दिवस. कितीही घाई असो, आभाळ कितीही भरून येवो, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही. ही पिले महाविद्यालयाचे काम करीत होती, आणि त्यांचे जू डोळ्यावर होते. म्हणून दर सोमवारी सकाळी खोली उघडली की ती सगळी टोपणे काढी, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घाली, आणि दुपारी प्रियदर्शनी यायच्या आत परत बसवी. पुरा दिवस सोडणे जमत नव्हते, म्हणून निदान सकाळभर तरी जू नको, हा तिचा हिशेब. सोमवारी सकाळी प्रियदर्शनीला मुलांची प्रात्यक्षिके घ्यावी लागत, त्यामुळे तिने हे कधी पाहिले नव्हते. मल्लव्वाने लपविले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते.

"अक्का, दर सोमवारी?"

"आल्यापासनं. एकबी चुकला न्हाय."

प्रियदर्शनीने डोके दोन्ही हातांत धरले. मग ती हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आले. डोळ्याची लांबी ही आठवड्यांची कमाई असते, ती एका सकाळीत जात नाही. परंतु निरोप तासाभरात बदलतो. टोपण निघाले, चित्र स्वच्छ झाले, की पडद्यात डोपामिन भराभर वाढते. आठवडाभर गडी झोपलेला होता हे खरेच. फक्त दर सोमवारी सकाळी त्याला हलवून जागे केले जाई, आणि त्याच दुपारी तो झोपला आहे का हे पाहिले जाई. आपल्या पिलांचे डोळे परदेशातल्या पिलांइतके लांब का भरत नाहीत, हे कोडेही तिला त्याच पायरीवर उलगडले.

मल्लव्वाला मात्र हसू आले नाही. तिने हिशेब दुसऱ्याच बाजूने केला. पडदा काढायचा म्हणजे पिलू मारावे लागते. ते काम सुरू झाले की ती नेहमी अंगणातल्या नळापाशी जाऊन उभी राही. ती आपल्या मनाची समजूत घालीत असे की, माणसांच्या लेकरांचे डोळे वाचावेत म्हणून हा जीव जातो आहे. आता तिला कळले की, दोन तुकड्यांतल्या पिलांनी दिलेली साक्ष कामाचीच नव्हती, आणि ती तिच्या हाताने बिघडली होती. विश्रांती द्यायला म्हणून तिने टोपण काढले, आणि त्या विश्रांतीमुळे त्यांचा जीव फुकट गेला. ती उठली, गार झालेला चहा ओतून टाकला आणि म्हणाली, "चला सरांकडं. मी येतो संगट."

सरनोबत सरांनी सगळे उभ्याने ऐकले. ते लाल झाले. मल्लव्वाला काढून टाकावे असे त्यांना त्या क्षणी वाटले असेल, पण पिलांवर तिच्यासारखा हात बसलेला दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी स्वतःला आवरून तोडगा सुचवला. मल्लव्वाने सोमवारी सुट्टी घ्यावी, त्या दिवशी शिपाई दाणापाणी करील, टोपणे जागेवर राहतील. तिचा सोमवार तिला मिळेल, कामही बिघडणार नाही.

"मी घरात बसलो म्हणून जू उतरतंय व्हय?" मल्लव्वा म्हणाली. "मानंवर हायच की त्ये."

"अहो बाई, टोपण म्हणजे जू न्हवं. प्लास्टिक हाय ते."

"बैलाचं लाकडाचं असतंय. ह्यांचं प्लास्टिकचं."

सर खुर्चीत बसले. त्यांनी जरा चढ्या आवाजात सांगितले की, विज्ञानाला वार नसतो, आणि एका बाईच्या सोमवारासाठी जगातला प्रयोग बदलत नाही. मल्लव्वाने ते शांतपणे ऐकले. तिला भीती वाटली नाही. आपली चूक कोणती आणि आपला नेम कोणता, हे तिच्या मनात वेगवेगळे झाले होते. न सांगता टोपण काढले ही चूक. सोमवारी जू नको हा नेम. चूक सोडायची होती, नेम नव्हे. तिने पायरीवरून सरांच्या खोलीपर्यंत येताना एकच विचार केला होता, आणि आता तो मांडला.

"सर, आठवड्यात वार सात. मंगळवारी टोपण घाला, रविवारी काम आटपा. मदी सोमवार येतोच कुठं? जुंपलं की सलग जुंपायचं, आन सोडलं की सोडायचं. रानात असंच करत्यात."

सरांनी प्रियदर्शनीकडे पाहिले. तिने सांगितले की, पिलू आठवड्याचे असेल तर पाच-सहा दिवसांतही डोळा चांगला वाढतो, बाहेरच्या लोकांनी तसे केलेले आहे. आपण तीन आठवडे नाहक घेत होतो. नायट्रोजनची टाकी शनिवारी भरून घेतली तर रविवारपर्यंत आरामात टिकते. पिले उबवणी केंद्रातून सोमवारी येतात तशी येऊ देत, पहिला आठवडा ती मोकळीच असतात. सरांनी विचारले की, रविवारी महाविद्यालयात कुत्रेसुद्धा नसते, तेव्हा येणार कोण. प्रियदर्शनी म्हणाली, मी. मल्लव्वा म्हणाली, मीबी. सरांनी टेबलावरची काचेची वाटी उगाच इकडून तिकडे सरकवली आणि म्हणाले, "एक तुकडी. फक्त एक. ह्याच्यात न्हाय आलं तर खोलीची किल्ली मी स्वतः देणार त्यांच्या हातात."

फेब्रुवारीत तिसरी तुकडी आली. मल्लव्वाने आठवडाभर पिले अशी सांभाळली की एकही दगावले नाही. मंगळवारी सकाळी टोपणे बसली. त्या सहा दिवसांत तिचे वागणे थोडे बदलले, हे प्रियदर्शनीला जाणवले. पूर्वी मल्लव्वा जे बरे वाटेल ते करून मोकळी होई. आता ती करायच्या आधी सांगे. शुक्रवारी दुपारी एका पिलाचे टोपण दाण्याच्या भांड्यात पडलेले तिला दिसले. किती वेळ पडले होते कोणास ठाऊक. पूर्वीच्या मल्लव्वाने ते पुसून परत चिकटवले असते. या वेळी तिने ते पिलू वेगळ्या खोक्यात ठेवले आणि प्रियदर्शनी येताच म्हणाली, "ह्याची साक्ष धरू नगासा. ह्यानं बगितलंय." प्रियदर्शनीने ते पिलू प्रयोगातून वगळले.

रविवारी महाविद्यालयात खरोखरच कोणी नव्हते. मैदानावर पेठेतली पोरे फुटबॉल खेळत होती, तेवढाच आवाज. सरनोबत सर येणार नाहीत असे वाटत होते, पण तेही आले. दुपारी काम सुरू झाले. मल्लव्वा त्या दिवशी नळापाशी गेली नाही. प्रत्येक पिलू तिने स्वतः उचलले, पायातला क्रमांक मोठ्याने सांगितला, टोपण शेवटच्या क्षणापर्यंत जागेवर आहे हे दाखवले, आणि पिलू सरांच्या हातात देऊन तोंड भिंतीकडे वळवले. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते कोणी विचारले नाही. शेवटचे पिलू झाल्यावर तिने हात धुतले, कपाळाला विभूती लावली आणि रिकामे खोके उन्हात ठेवले.

बंगळूरहून उत्तर यायला तीन आठवडे लागले. या काळात शेजारच्या विभागाचा माणूस दोनदा येऊन खोलीची मापे घेऊन गेला. मल्लव्वाने त्याला पाणी दिले आणि सांगितले की, मापे घ्यायला हरकत नाही, सामान आणायची मात्र घाई करू नये. तिला खात्री कुठून आली, असे प्रियदर्शनीने विचारले. मल्लव्वा म्हणाली की, गडी झोपलेला असेल तर झोपलेलाच दिसणार, मध्ये कोणी हलवले नाही हे तिला ठाऊक आहे, मग काळजी कशाची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सरांच्या खोलीत फोन आला. सर ऐकत होते आणि कागदावर आकडे लिहीत होते, आणि प्रियदर्शनी दारात खांबासारखी उभी होती. दोन पिले सोडली तर सगळ्यांच्या झाकलेल्या डोळ्यात डोपामिन स्पष्टपणे कमी होते. सरांनी फोन ठेवला, कागद प्रियदर्शनीपुढे सरकवला आणि अंगणात गेले. मल्लव्वा तिथे भांडी घासत होती. ते तिला म्हणाले, "झोपला होता तुमचा गडी."

"मग खोली?"

"खोली कशाला जाती आता? बरं ऐका. टोपण काढल्यावर तो किती वेळात जागा होतो, हे आता नीट बघायचं हाय. मोजून, आमच्यासमोर. जुन्या सोमवारांचं काही धरता येत न्हाय, कारण कोण बघत नव्हतं. तुम्हीच काढणार टोपण. पण सांगून."

"सांगूनच," मल्लव्वा म्हणाली. "आन काढायचंच असंल तर सोमवारबी चालंल."

प्रियदर्शनीचा प्रबंध दोन वर्षांनी पुरा झाला. डोपामिनच्या पुढे निरोप कसकसा जातो, पडद्यातून कवचापर्यंत आणखी कोणती द्रव्ये हालचाल करतात, यावर त्या खोलीत मग बरीच वर्षे काम चालले. प्रियदर्शनी पुण्याला नोकरीला गेली, तिच्या जागी दुसरी मुले आली आणि गेली. मल्लव्वा राहिली. नव्या मुलांना टोपण बसवायला तीच शिकवी. पिलू कसे धरायचे, पट्टी कुठे डकवायची, डोळ्याच्या कडेला डिंक लागू द्यायचा नाही, हे ती एकदाच सांगे, आणि दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला आधी दाणा दळायला बसवी. मंगळवारी जुंपणी आणि रविवारी सोडणी हा त्या खोलीचा शिरस्ता झाला. कित्येक मुलांना तो परदेशातून आलेला नियम वाटे, आणि एकाने तर तो तसा सभेत सांगितलाही.

२००७ साली, मल्लव्वाच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, शाहूवाडीकडचा एक विद्यार्थी नव्याने कामाला लागला. कामसू होता. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारले की, सहा दिवसांऐवजी सात दिवस ठेवले तर डोळा आणखी लांब भरेल, मग सोमवार का सोडायचा. मल्लव्वाने त्याला जवळ बसवून सारा इतिहास सांगितला. कोणाचा नियम, कशासाठी, आणि त्यापायी किती पिले वाया गेली, तेही सांगितले. मुलाने विचारले,

"मग मावशी, सोमवारी मी येऊ का नको?"

"पिलांस्नी सुट्टी हाय," मल्लव्वा म्हणाली. "तुला कुणी दिली? सातला ये, पिंजरं धुवायचं हाईत."